चार मीटर जमीन कुणी खाल्ली?

तुम्ही ओकच्या जंगलात उभे आहात आणि पाणी घोट्यांवर आलं आहे. हा पूर नाही. पूर ओसरतो, हे पाणी कित्येक पिढ्या नुसतं चढतं आहे, एका माणसाच्या हयातीत धड जाणवूही नये इतक्या सावकाश. आपल्या कालगणनेत सांगायचं तर इसवी सनापूर्वी ३००० च्या आगेमागे कधीतरी. जागा इंग्लंडच्या पूर्वेकडची सखल जमीन, जिला पुढं 'फेन्स' म्हणतील. हिमयुग सरलं, बर्फ वितळलं, समुद्र चढला. आज जिथं उत्तर समुद्र आहे तिथं डॉगरलँड नावाचा मोठा मुलूख होता, माणसं तिथं शिकार करत. तो बुडूनही आता तीन हजार वर्षं झाली. समुद्र उंचावल्यामुळं इथल्या नद्यांना उतार उरलेला नाही. त्या तुंबल्यात, पाणी रानात शिरलंय आणि ओक उभ्याउभ्या मरतायत.

एखाद्या खोडाला हात लावून बघा. सरळसोट, पहिली फांदी फुटेपर्यंत मान दुखावी इतकं उंच. असे ओक आजच्या इंग्लंडात राहिलेले नाहीत. त्यातला एक तुमच्या समोरच कलंडतो, पाण्यात आडवा होतो आणि चिखलात रुतत जातो. खरं तर तो कुजायला हवा. सह्याद्रीत पडलेलं झाड वाळवी आणि बुरशी मिळून काही पावसाळ्यांत संपवतात. हा मात्र टिकणार आहे. असाच एक ओक २०१२ मध्ये नॉरफोकमधल्या एका शेतात सापडेल, १३ मीटरहून लांब, काळाकुट्ट, आणि इतका धडधाकट की सुतार त्याच्या फळ्या पाडून टेबल बनवतील. पाच हजार वर्षं याला कुणी खाल्लं का नाही? खाणारे नव्हते म्हणावं, तर तुमच्या पायाखालच्या मूठभर चिखलात ते अब्जावधी आहेत. त्यांना भेटायचं तर लहान व्हावं लागेल.

मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे व्हा. आता गळून पडलेलं एक पान चालत ओलांडायला तुम्हाला दिवस लागतील. पाण्याच्या पृष्ठभागाशी अजून गजबज आहे. बुरशीचे पांढरे धागे पानाच्या शिरांमध्ये घुसलेत. लाकडाला कणखर करणारं लिग्निन फोडण्याची हातोटी मुख्यतः त्यांची, पण त्या कामाला ऑक्सिजन लागतो. त्यांच्या आजूबाजूला जिवाणू सेल्युलोज तोडून साखर काढतायत. सगळे भराभर श्वास घेतायत, आणि गोम इथंच आहे. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. वरून येतो त्यापेक्षा इथं खर्च जास्त. पान बुडू लागतं, त्याच्याबरोबर तुम्हीही. बोटभर खाली गेलात न गेलात तोच ऑक्सिजन संपतो, बुरशीचे धागे वर राहतात आणि उजेडही.

खाली राहणाऱ्यांची तऱ्हा वेगळी आहे. ऑक्सिजन नसेल तर दुसरं काहीतरी श्वासाला वापरायचं. आधी नायट्रेट, ते इथं मुळात थोडं, लगेच संपतं. मग लोखंड. तांबूस गंजाच्या रूपातलं लोखंड जिवाणूंकडून इलेक्ट्रॉन घेतं आणि पाण्यात विरघळून जातं. मग सल्फेट. ज्या शतकांत भरतीचं खारं पाणी आतवर आलं त्या शतकांत ते मुबलक होतं, आणि त्यावर जगणाऱ्यांनी केलेला वायू सडक्या अंड्यांसारखा घमघमतो. ही उतरंड ऊर्जेची आहे, प्रत्येक पायरीला मिळकत घटते. तळाच्या पायरीवर उरतो तो कार्बन डायऑक्साइड. त्यातून मिळणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी की दुसरं काही हाताशी असताना कुणी त्याच्या वाटेला जाणार नाही.

तरी त्यावर जगणारे आहेत. दिसायला जिवाणू, पण जिवाणू नव्हेत. अमेरिकेतले कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स १९७७ मध्ये त्यांच्या आरएनएची इतर सजीवांशी तुलना करतील आणि ही जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे असं जाहीर करतील. तिचं नाव पुढं आर्किया पडेल. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून हे आर्किया मिथेन तयार करतात. काही जण ॲसिटिक आम्लापासूनही करतात.

त्यांना हायड्रोजन कोण देतं, ते बघण्यासारखं आहे. शेजारी आंबवणारे जिवाणू राहतात. ते साखर मोडून आम्लं बनवतात, दुसरे काही ती आम्लं मोडतात, आणि त्यात हायड्रोजन सुटतो. तो साचला तर त्यांचंच काम ठप्प होतं, कारण मग त्या अभिक्रियेतून ऊर्जाच मिळेनाशी होते. आर्किया तो हायड्रोजन सुटल्या सुटल्या उचलतात. एकाचा कचरा हे दुसऱ्याचं अन्न, आणि दुसऱ्यानं जेवायला नकार दिला तर पहिलाही उपाशी. म्हणून दोघं अगदी अंगाला अंग लावून राहतात. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत हीच मंडळी राबतात. तिथं ऊब आहे आणि रोज ताजं शेण आहे, त्यामुळं चूल पेटते. इथं पाणी गार आणि अन्न चिवट. तरीही बुडबुडा सुटतोच. इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठी अलेस्सांद्रो व्होल्टा १७७६ मध्ये काठीनं चिखल ढवळून असेच बुडबुडे गोळा करील आणि ते पेटवून दाखवील.

इतक्या खोलात वर्षांचा हिशेब राहत नाही. वर या. दोन हजार वर्षं उलटलीत.

नाकाला धूर झोंबतो. साधारण इसवी सनापूर्वी ८५०. आजच्या व्हिटल्सी गावाजवळ एका संथ नदीवर खांब रोवून गोल घरं बांधली आहेत, आणि ती आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत, जळतायत. बांधून वर्षही झालेलं नाही. माणसं सगळं टाकून पळाली. जवसाच्या धाग्याचं तलम कापड, भांड्यांची उतरंड, लापशीचं एक वाडगं, त्यात ढवळायचं लाकूड तसंच. घराची जमीन कोसळते आणि हे सगळं चुरचुरत पाण्यात जातं. खालच्या गाळात ऑक्सिजन नाही. केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ २०१५-१६ मध्ये ही जागा, मस्ट फार्म, उकरतील तेव्हा वाडग्यात लापशी असेल आणि लापशीत ते लाकूड. ब्रिटनच्या मातीनं कांस्ययुगातलं एवढं घरगुती सामान दुसरीकडे कुठंच राखलेलं नाही. श्रेय मातीचंही म्हणता येत नाही, ऑक्सिजनच्या अभावाचं आहे.

तिथून थोडे मैल नैर्ऋत्येला चला, होम नावाच्या जागेकडे. इथं पुढची अनेक शतकं काढायची आहेत.

पायाखाली आता बोरू आणि लव्हाळे कमी झालेत. ओल्या, मऊ, हिरव्या-तांबूस गाद्या पसरल्यात, आणि पाऊल टाकलं की दोन हात पलीकडची जमीनही हलते. हे स्फॅग्नम शेवाळ. त्याच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. हिरव्या, जिवंत, बारीक पेशींच्या जाळीमध्ये मोठ्या, पारदर्शक, मेलेल्या पेशी. मेलेल्यांचं काम पाणी धरून ठेवणं. वाळलेल्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी हे शेवाळ सहज धरतं. त्यामुळं नदी खाली राहिली तरी ते नुसत्या पावसावर वाढत जातं आणि आपली पाण्याची पातळी आपल्याबरोबर वर नेतं. शिवाय पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार ओढून घेऊन त्याबदली आम्ल सोडतं. आजूबाजूचं पाणी आंबट होतं, इतर वनस्पतींना नकोसं होतं, आणि शेवाळाला रान मोकळं मिळतं. इतक्या साध्या झाडोऱ्यानं इतका पक्का बेत करावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पुन्हा लहान व्हा आणि त्या पारदर्शक पेशीत शिरा. भिंतीत बारीक भोकं आहेत, तिथून आत जाता येतं. आत कुणीतरी राहतंय. खालून वर निघालेला मिथेन खाणारे हे जिवाणू. मिथेन जाळायला ऑक्सिजन हवा, तो शेजारची हिरवी पेशी प्रकाशसंश्लेषणातून पुरवते. मिथेन जळून झालेला कार्बन डायऑक्साइड तीच हिरवी पेशी वापरते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ही देवघेव २००५ मध्ये दाखवून दिली. तोपर्यंत मेलेल्या पेशी म्हणजे नुसत्या पाण्याच्या टाक्या असा समज होता. अशा आंबट पाण्यात राहणारे मिथेनभक्षक असतात हेच मुळी उशिरा कळलं. रशियाच्या स्वेतलाना देदिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेकडच्या दलदलींतून ते वेगळे काढून वाढवले, त्याचा शोधनिबंध १९९८ मध्ये आला. खालून निघालेल्या मिथेनचा मोठा वाटा हे पहारेकरी हवेत जाऊ देत नाहीत. कापूसगवताच्या पोकळ देठांतून वर जाणारा मिथेन मात्र त्यांना हुलकावणी देऊन निसटतो.

पेशीच्या बाहेर पडताना एक कुपी आडवी येईल. कवचात राहणारा अमीबा आहे तो. त्याच्या जातीवरून शेवाळ किती ओलं होतं ते कळतं, आणि तो मेला तरी कवच पीटमध्ये, म्हणजे न कुजता साठलेल्या या शेवाळपाल्याच्या थरात, राहतं. कुठल्या शतकात पावसाळे जोरदार होते ते पुढचे शास्त्रज्ञ या रिकाम्या कवचांवरून सांगतील.

आता खाली उतरा, वितीवितीनं. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर उतरलात तर चारशे-पाचशे वर्षं मागे गेलात. रंग तपकिरी होत होत काळसर होतो. शेवाळाची पानं अजून ओळखू येतात. जिवाणू आहेत, आर्किया आहेत, पण सगळं सुस्त. ऑक्सिजन नाही, थंडी आहे, आम्ल आहे, हे खरं; तरी एवढ्यानं हिशेब लागत नाही. सेल्युलोज आणि साखरेच्या साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमना ऑक्सिजनची गरजच नसते. मग ते इथं हात बांधून का बसलेत?

भोवतालचं चहाच्या रंगाचं पाणी हे त्याचं उत्तर. त्यात फिनॉल वर्गाची द्रव्यं विरघळली आहेत, शेवाळातून आणि झाडापाल्यातून आलेली. ती एन्झाइमना चिकटतात आणि निकामी करतात. फिनॉल मोडणारं एक एन्झाइम आहे, फिनॉल ऑक्सिडेज, पण त्याला ऑक्सिजनशिवाय काम करता येत नाही. म्हणून फिनॉल साचत राहतं आणि बाकी सगळे अडकून पडतात. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे ख्रिस फ्रीमन आणि सहकारी यांनी २००१ मध्ये 'नेचर'मध्ये ही गोष्ट मांडली आणि तिला एन्झाइमची कडी म्हटलं. पुढच्या संशोधनात लोखंडाचाही भाग दिसला, सगळ्या दलदलींना ही एकच कडी लागू पडत नाही असंही दिसलं. तरी मुख्य मुद्दा टिकून आहे: एका एन्झाइमला हवा मिळाली नाही म्हणून हजारो वर्षांचा पाला शिल्लक राहतो.

आपल्याकडे जमिनीत पेव खणून धान्य साठवत. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन धान्य आणि किडेच संपवतात, मग कीड मरते आणि ज्वारी टिकते. तुम्ही आत्ता ज्याच्या पोटात आहात ते कित्येक मैल पसरलेलं पेव आहे. पृथ्वीवरच्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के भागावर अशी पीटची जमीन आहे, आणि तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून आहे त्याहून जास्त भरतो.

मध्ययुग झटपट पाहून घेऊ. होमच्या शेजारी व्हिटल्सी मिअर नावाचं उथळ, अफाट तळं पसरलंय, सखल इंग्लंडातलं सगळ्यात मोठं. मठवाले त्यात वाम मासे धरतात. या मुलखात खंडसुद्धा वाम माशांत मोजला जाई. कुणाची तरी होडी उलटते आणि रॅम्झी मठाचं चांदीचं धूपपात्र तळाशी जातं. रात्री दलदलीवर उजेड हलताना दिसतात, लोक त्यांना 'कंदीलवाले' म्हणतात आणि त्यांच्या मागं जाऊ नका असं पोरांना बजावतात. कोकणातल्या माणसाला चकवा नवा नाही, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. डास चावतात तेही परके नाहीत: इथं हिवताप आहे. घराघरात त्यावर अफूच्या बोंडांचा काढा पितात. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन हा डच इंजिनियर येतो, सरळ कालवे खणतो, बरीच दलदल कोरडी करतो. जमीन खचू लागते, कालव्यांपेक्षा खाली जाते, आणि पाणी वर उपसायला पवनचक्क्या बसवाव्या लागतात. धडा एवढ्यातच मिळायला हवा होता. व्हिटल्सी मिअर तेवढं वाचलं.

१८५१. लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलंय आणि त्यात जॉन जॉर्ज ॲपोल्डचा केंद्रोत्सारी पंप सगळ्यांचं लक्ष वेधून घेतोय. जमीनदार विल्यम वेल्स आणि त्याच्या भागीदारांनी तसाच पंप इथं आणून बसवलाय. तळ्याचा बांध फोडलाय, पाणी कालव्यातून चाललंय. तुम्ही काठावर गर्दीत उभे आहात. पाणी आटतं तसे मासे तडफडायला लागतात, लोक टोपल्या, पाट्या, गाड्या घेऊन चिखलात उतरतात. चिखलातून ते चांदीचं धूपपात्र आदल्याच वर्षी वर आलंय. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लार्ज कॉपर नावाचं तांबूस फुलपाखरू याच दलदलीचं रहिवासी, ते याच सुमारास इंग्लंडातून कायमचं जातं.

वेल्सला पुढं काय होणार याची कल्पना आहे. त्यानं १८४८ मध्येच होमला ओकचा एक खांब खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकून ठेवला होता. आता त्या जागी ओतीव लोखंडाचा खांब रोवतात, माथा जमिनीच्या बरोबर पातळीवर. तुम्ही त्यावर पाय ठेवून उभे राहा आणि इथून पुढं कुठंही जाऊ नका.

आधी जमीन बसते. पाण्यानं फुगलेलं पीट पाणी गेल्यावर स्वतःच्या वजनानं दबतं, मग वाळून आकसतं. यात सूक्ष्मजीवांचा हात नाही, ते नुसतं वजन आहे. पण तडे पडतात, आणि तड्यांतून हवा उतरते.

शेवटचं एकदा लहान व्हा आणि एका तड्यातून आत या. ज्या थरात गेली दोन-तीन हजार वर्षं ऑक्सिजनचा एक कण आला नाही तिथं तो पोचतोय. मिथेन बनवणाऱ्या आर्कियांना तो विष आहे, ते खाली ओलीत सरकतात किंवा गप्प होतात. फिनॉल ऑक्सिडेज जागं होतं. फिनॉल मोडतं, चहाच्या रंगाचं पाणी निवळतं, आणि निकामी पडलेली एन्झाइमं मोकळी होतात. शेतकरी वरून मार्ल, म्हणजे चुन्याची माती, टाकतोय, त्यामुळं आम्लही उतरतं. बुरशीचे धागे आत घुसतात. कांस्ययुगातलं शेवाळ, रोमनांच्या काळातलं शेवाळ, मठवाल्यांच्या काळातलं शेवाळ, सगळं एकाच वेळी ताटात. पेव फुटलं. हजारो वर्षं पाण्याखाली थांबलेलं जेवण आता सुरू होतं, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तड्यांतूनच बाहेर पडतो.

वर या आणि खांब बघा. १८६०: माथा तुमच्या छातीशी आहे, जवळपास दीड मीटर उघडा पडलाय. १८९२: तीन मीटर. तो उगवत नाहीये, तुम्ही खाली जाताय. पुढची वर्षं वेग मंदावतो, कारण होमच्या या तुकड्यावर शेती टिकली नाही आणि बर्चची झाडं वाढली. आज खांब सुमारे चार मीटर बाहेर आहे, पडू नये म्हणून १९५७ मध्ये त्याला पोलादी ताण दिले आहेत. हा ब्रिटनमधला सर्वात सखल भूभाग, समुद्रसपाटीच्या खाली पावणेतीन मीटर. चारही मीटर सूक्ष्मजीवांनी खाल्ले असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. दबणं आणि आकसणं यांचा वाटा सुरुवातीला मोठा होता. पण दबणं कधीतरी थांबतं. खाणं पीट संपेपर्यंत थांबत नाही.

भोवतालच्या शेतांत ते चालूच आहे. तिथं काळीभोर माती, बटाटे, सेलरी, शुगर बीट. इंग्लंडातल्या अव्वल दर्जाच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी फेन्समध्ये आहे. रस्ते लाटांसारखे वर-खाली होतात, घरं कलतात, नद्या शेतांच्या डोक्यावरून वाहतात. वसंतात वारा सुटला की कोरडं पीट उडून आकाश काळं होतं. नांगरानं हवा घातली, खतानं नायट्रोजन घातला, त्यामुळं इथले जिवाणू आता कार्बन डायऑक्साइडवर थांबत नाहीत, नायट्रस ऑक्साइडही सोडतात, आणि तो उष्णता अडवण्यात कित्येक पटींनी जहाल आहे. अशी उपसलेली पीटजमीन अनेक ठिकाणी वर्षाला एक-दोन सेंटीमीटरनं खचते. मिलिमीटर-मिलिमीटरनं साठलेलं धन दहा-वीस पट वेगानं खर्च होतं आहे.

जवळच वुडवॉल्टन फेन आहे. १९१० मध्ये चार्ल्स रॉथस्चाइल्ड या पेढीवाल्या घराण्यातल्या माणसानं ती जागा विकत घेतली, कोरडी करण्यासाठी नव्हे, तशीच राखण्यासाठी. हा गृहस्थ पिसवांचा अभ्यासक होता. प्लेग पसरवणाऱ्या उंदरावरच्या पिसूला शास्त्रीय नाव त्यानंच १९०३ मध्ये दिलं, आणि काही वर्षांतच मुंबईत परळला प्लेग कमिशनचे लोक त्याच पिसवेवर प्रयोग करत होते. मुंबईच्या त्या मरणकाळाशी आणि या दलदलीशी एकाच माणसाचा संबंध असावा हे मला फार विलक्षण वाटतं.

२००१ पासून होम आणि वुडवॉल्टन जोडून मधली शेतजमीन पुन्हा ओली करण्याचं काम चालू आहे. 'ग्रेट फेन' असं त्याचं नाव. पाणी परत आलेल्या एका शेतात उतरा, मोठेच राहा, गमबूट घाला. कालव्याची फळी वर केली आहे आणि पाणी ढेकळांमधून पसरतंय. काही दिवसांत खालचा ऑक्सिजन संपेल. मग तीच जुनी उतरंड: नायट्रेट, लोखंड, सल्फेट, शेवटी मिथेन. आर्किया लवकर परततात. मिथेनभक्षक जिवाणूंना घर देणारं स्फॅग्नम इतक्या लवकर परतत नाही, खत खाल्लेल्या मातीत तर मुळीच नाही. त्यामुळं पहिली काही वर्षं मिथेन वाढतो, आणि दलदल ओली करायला विरोध करणाऱ्यांच्या हाती हा मुद्दा येतो.

मुद्दा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षं राहतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासानं दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की कोरडी पीटजमीन ओली करणं, मिथेन धरूनही, हवामानाच्या फायद्याचंच आहे, आणि उशीर केला तर तोटा वाढतो. २०२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा आकडा दिला. भूजल दर १० सेंटीमीटर वर आणलं की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन वाचतं, पाणी पृष्ठभागापासून ३० सेंटीमीटरवर येईपर्यंत. म्हणजे सगळी शेती बुडवायची गरज नाही. पाणी अर्धं वर आणलं तरी अर्धी लढाई जिंकता येते. ग्रेट फेनच्या काही शेतांत तर पाण्यातच येणारी पिकं, पाणकणीस आणि खुद्द स्फॅग्नम, लावून बघतायत. मला विचाराल तर या मुलखाचं भवितव्य नव्या यंत्रांपेक्षा त्या कालव्याच्या फळीवर जास्त अवलंबून आहे: ती किती उंच ठेवायची, आणि शेतकऱ्याचं उत्पन्न बुडालं तर ते कुणी भरून द्यायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारांनी दिल्याशिवाय पहिल्याचं उत्तर शेतकऱ्याकडून मागू नये.

आता घरी या. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत कुंड्यांसाठी परदेशी 'पीट मॉस'ची पिशवी मिळते. ती अशाच कुठल्या तरी दलदलीतून, पाणी काढून, थर खरवडून भरलेली असते, आणि तुमच्या कुंडीत तिला हवा मिळाली की बाकीचं काम जिवाणू करतात. ती घेऊ नका. नारळाच्या सोडणाचं कोकोपीट घ्या, किंवा घरचं कंपोस्ट वापरा. नारळ दर वर्षी लागतो. पीट वर्षाला एक मिलिमीटर वाढतं, तेही पाणी राहिलं तर.